तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत कॅम्परला हीटर केवढा हवा?

वाळवंटातल्या आणि डोंगरातल्या आडवाटांवर कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन हिवाळ्यात जायचं ठरलं, की पहिला प्रश्न हाच येतो: डिझेल हीटर (डिझेल जाळून गाडीतली हवा तापवणारा) २ किलोवॉटचा पुरेल की ५ चा घ्यावा? व्हॅनएवढ्या गाडीला २ चा पुरतो. रात्र किती गारठ्याची जाणार, हे हीटरपेक्षा गाडी कुठे उभी केली यावर जास्त ठरतं.

वाळवंटात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे ऊन उतरताच जमीन झपाट्याने निवते. दुपारी २० अंश असलेली जागा पहाटे शून्याखाली जाऊ शकते. गार हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते. म्हणून दरीचा तळ कितीही सपाट, देखणा दिसला तरी तिथे मुक्काम नको. तळापासून ३०-४० मीटर वर गेलात तरी पहाटेचा फरक अंगाला कळतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर मुळीच थांबू नका, दूर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे कोरड्या रात्रीही येतो. मात्र फार उंचीही नको: दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वर वारा असतोच. गाडीचं तोंड पूर्वेला ठेवा, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन समोरच्या काचेतून आत येतं.

आता मोठा हीटर का नको ते सांगतो. छोट्या जागेत तो सतत मंद आचेवर चालतो, डिझेल पुरतं जळत नाही आणि आत काजळी धरते. साधारण १५०० मीटरच्या वर हवा विरळ होते, तेव्हा हे आणखी वाढतं. उंचीची सेटिंग असेल तर ती लावा, आणि बंद करण्याआधी रोज १५-२० मिनिटं पूर्ण आचेवर चालवा. २ किलोवॉटचा हीटर तासाला ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल घेतो. दहा तासांच्या रात्रीला २ लिटर धरा. हे डिझेल बहुधा गाडीच्याच टाकीतून जातं, तेव्हा पंपापासून लांब जाताना त्याचाही हिशेब करा.

गॅसची शेगडी पेटवून गाडी ऊबदार करू नका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी, वास नसलेल्या वायूचा धोका तर आहेच, पण ओलही येते: १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. त्यात श्वासाची वाफ. पहाटे काचा ठिबकतात, गादीची खालची बाजू ओली होते आणि ओलं अंथरूण ऊब धरत नाही. छताची झडप दोन बोटं उघडी ठेवा, हीटर चालू असतानाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन असेल असं पाहा; ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणंच थांबवतं आणि नेमका सकाळच्या चहाला दगा देतं.

हीटर ज्या बॅटरीवर चालतो, तिचंही थंडीत तसंच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली वीज देते, पण चार्ज करायची नसते. केली तर आत धातूचं लिथियम साचून ती कायमची खराब होते. चांगली बॅटरी स्वतःच चार्जिंग तोडते. सौर पॅनेलवर लख्ख ऊन आणि मीटरवर शून्य अँपिअर दिसले, तर वायरिंग उसकण्याआधी बॅटरीचं तापमान बघा. ती गाडीच्या पोटाखाली नव्हे, आत, झोपायच्या जागेजवळ बसवलेली बरी. हीटर पेटताना काही मिनिटं ८-१० अँपिअर खेचतो, नंतर १-२ वर येतो.

एक तपासणी मात्र कधीही चुकवू नका. खडखडाटी कच्च्या रस्त्यावर दिवस गेला असेल, तर गाडीखाली वाकून हीटरच्या धुराच्या नळीचे क्लॅम्प हाताने हलवून बघा, नळी गार असताना. धक्क्यांनी ते सैल होतात आणि धूर फरशीच्या फटींतून आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर लावा, आणि त्याचं चाचणीचं बटण रोज झोपण्याआधी दाबा.