ॲव्हेंजर २२०: हँडलची थरथर अखेर सापडली

सापडली. सात आठवडे, दोन फिटर, एक नवा टायर आणि बायकोचे दोन रविवार खर्ची घालून जे सापडलं, त्याची बाजारातली किंमत दोन-तीन रुपयांच्या वर नाही.

मागचं आठवत असेल. २०१२ची बजाज ॲव्हेंजर २२०, बारा इंच उंचीचं मिनी-एप (वर उंच उठलेलं) हँडल, हँडललाच क्लॅम्पने बसवलेली विंडशील्ड, मागे दोन बॅगा. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर पहिल्याच रविवारी ७०वरून ॲक्सिलेटर सोडला आणि ६०च्या आसपास पीठ चाळताना चाळणी हलते तसं हँडल हलायला लागलं. तेव्हा मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पुढचा टायर मधोमध झिजून चौकोनी झालाय, बदलला की जाईल. ते वाक्य मागे घेतो. ९०/९०-१७चा नवा टायर घातला, ट्यूबसुद्धा नवी. थरथर जागच्या जागी.

मग चाकाच्या तारांवर संशय घेतला. कळव्याला तारा कसणारे एक काका आहेत. चाक स्टँडवर फिरवायचं, रिमला खडू टेकवायचा, जिथे खडूचा डाग उमटेल तिथे एक तार ढिली, समोरची घट्ट. डिजिटल काही नाही. रिम दोन मिलिमीटर आऊट होती, त्यांनी पाऊण तासात सरळ केली आणि ३०० रुपये घेतले. तो पाऊण तास मी नुसता बघत बसलो आणि अजिबात वाया गेला असं वाटलं नाही. थरथर थोडी कमी झाली. गेली नाही.

हवेचंही सांगून टाकतो. माझा डायल गेज आणि पंपावरचा गेज यांत चार पीएसआयचा फरक निघाला. चारशे-पाचशे रुपयांचा गेज घ्या आणि सीटखाली टाका. पंपावरची हवा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

आता खरी भानगड. माझ्या गाडीला दोन वेगळे आजार होते आणि मी दोन्ही एकच समजत होतो. वॉबल म्हणजे फक्त हँडल आणि पुढचं चाक भराभर थरथरतं, सेकंदाला चार ते दहा वेळा. वीव्ह म्हणजे सगळी गाडी मागच्या चाकासकट सापासारखी सावकाश डुलते, सेकंदाला दोन-तीन हेलकावे. पहिल्यात हात झिणझिणतात, दुसऱ्यात पोटात गोळा येतो. ६०ला थरथर होती ते वॉबल. पण ८५ला विंडशील्डमागे बसून जे व्हायचं ते वीव्ह होतं. मी दोन्हींना सरसकट ‘डुलतेय’ म्हणत होतो आणि फिटरलाही तेच सांगत होतो. बिचारा काय करणार?

पहिल्या फिटरने (घोडबंदर रोडवरचं गॅरेज, नाव नको) ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते मानेतलं बेअरिंग, आवळून दिला. खरं तर चूक म्हणता येणार नाही. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे ढकलली की बारीक टक् जाणवत होती, म्हणजे कोनसेट ढिला होताच. आवळल्यावर वॉबल गायब! मी गॅरेजमधूनच मित्राला फोन करून पेढे कबूल केले.

पेढे विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली परत घेतले. तिथे सकाळी ट्रॅफिक मुंगीच्या चालीने सरकतं आणि गाडी १०-१५च्या वेगात सरळ जाईचना. डावीकडे झुकली की तिकडेच जायची, मी ओढून आणली की उजवीकडे. शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की सकाळी सकाळी टाकून आलोय. तळहातावर काठी उभी धरली की तळहात सारखा बारीक हलत असतो, म्हणून काठी उभी राहते. दुचाकीचं हँडल तेच करतं: गाडी ज्या बाजूला कलते तिकडे स्वतःहून किंचित वळतं आणि गाडीला सावरतं. कोनसेट जाम असला की हँडलचं हे वळणं अडतं, आणि मग सगळं सावरणं आपल्या खांद्यांवर येतं.

म्हणजे कोनसेट जास्त आवळला गेला, थोडा सैल करायचा, विषय संपला. असं मला वाटलं. सैल केला. वॉबल परत. आवळला, विटाव्याचा दारुड्या परत. एक अष्टमांश फेरा इकडे, एक अष्टमांश तिकडे, असे तीन रविवार. आवळण्या-सोडण्याच्या मध्ये एक बरोबर जागा असायलाच हवी, आणि माझ्या गाडीत ती नव्हतीच.

शेवटी दुसऱ्या फिटरकडे गेलो. ठाण्यातलेच, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी सुरुवातीपासून रामायण सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

“साहेब, गाडीला आधी काय केलंत ते सांगा. नंतर काय झालं ते मी बघतो.”

“हँडल बदललं, मामा.”

“मग हँडलपासूनच सुरू करू ना. चाकापासून कशाला?”

इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने पुढचं चाक उचललं. हँडल सरळ धरून एका बोटाने उजवीकडे हलकं ढकललं. स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत पडलं, एकदम लोण्यासारखं. मग डावीकडे. अर्ध्यावर जाऊन थांबलं आणि चक्क किंचित मागे आलं.

कोनसेट जाम असता तर दोन्हीकडे सारखाच अडला असता. एकाच बाजूला अडतोय म्हणजे बेअरिंग नाही, काहीतरी ओढतंय. मामांनी गाडी चालू केली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि इंजिनचा आवाज चढला.

इथे मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण हे मला माहीत होतं! सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढताना डावीकडे वळलो की रेस वाढते, हे महिनाभर मी ऐकत होतो. कार्ब्युरेटरचं आयडलिंग हलतंय म्हणून दोनदा स्क्रू फिरवूनही झाला होता.

झालं होतं असं. हँडल चढवताना क्लचची केबल सहा इंच लांब करून घेतली होती. ब्रेकचा होज ब्रेडेड, मोजून बनवलेला, बँजो बोल्टला नवे तांब्याचे वॉशर, सगळं शिस्तीत. ॲक्सिलेटर केबल मात्र जुनीच, कारण ‘पोचतेय की’. पोचत होती, पण ताठ. आणि वायरिंग लांब केल्यावर टाकीखाली लोंबू नये म्हणून मी ते आणि ॲक्सिलेटर केबल एकत्र करून फ्रेमच्या मानेला केबल टायने करकचून बांधलं होतं. डावीकडे वळताना हा सगळा जुडगा हँडलला मागे खेचत होता. कोनसेट कितीही नीट सेट केला तरी एका बाजूला दोरी बांधलेलीच होती. पकडीने टाय कापला. हँडल डावीकडे गेलं, शेवटपर्यंत.

मामा काही बोलले नाहीत. चहा मागवला, पैसे मी दिले.

टाय काढून काम संपलं नाही. कोनसेट उघडला तर खालच्या वाटीत छर्ऱ्यांचे खड्डे पडलेले, बरोबर सरळ दिशेत. म्हणजे हँडल मध्यावर आलं की छर्रे खड्ड्यात बसायचे. सैल केलं की खेळ आणि आवळलं की खड्ड्यात अडकणं, मधली जागा न सापडण्याचं दुसरं कारण हे. मी टेपर रोलर बेअरिंग घालायचं ठरवून टाकलं होतं, कारण छर्रा एका बिंदूवर टेकतो आणि रोलर रेषेवर, त्यामुळे खड्डे लवकर पडत नाहीत. मामा म्हणाले, आधी कंपनीचा सेट घाला आणि पावसाळा काढा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. सात आठवडे नेमकं तेच करून बसल्यामुळे वाद घातला नाही. नवा सेट, ताजं ग्रीस, आणि मोजून लांब करून घेतलेली ॲक्सिलेटर केबल. केबल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बनवून मिळाली. पहिल्या दुकानात मला ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असली केबल चिकटवत होते. सगळ्या गाड्यांना चालते ती एकीलाही नीट चालत नाही. तिथून उठलो, दोन गाळे सोडून पुढे बसलेल्या माणसाने जुनी केबल हातात घेऊन आधी टोकं बघितली. त्याच्याकडून घेतली.

गेल्या रविवारी सकाळी सहाला निघालो. माजिवडा, कळवा पूल, विटावा. पुलाखाली मुद्दाम रिक्षेमागे रेंगाळलो. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ. ठाणे-बेलापूर रोडवरून वाशी, मग पाम बीच. ७०ला ॲक्सिलेटर सोडला, हाताची पकड सैल केली. ६५, ६०, ५५, ५०. काही नाही. बेलापूरपर्यंत चार वेळा तेच केलं, उगाचच, आनंदाने.

८५चा वीव्ह मात्र शिल्लक होता. बेलापूरला थांबून विंडशील्ड उतरवली आणि बॅगेत कोंबली. परतताना त्याच वेगाला गाडी शांत. समोरून येणारा वारा शील्डवर आदळतो आणि ती हँडलला बांधलेली असल्यामुळे प्रत्येक झोत थेट फोर्कपर्यंत जातो; मागे बॅगांचं वजन चाकाच्या मागे लटकतंय, त्यामुळे पुढचं टोक आधीच हलकं. दोन्हींनी मिळून डोलकाठी केली होती. तेव्हा शील्ड बाद. बॅगा राहतील, पण त्यांचे स्टे (आधाराच्या पट्ट्या) चार इंच पुढे घेणार.

हे लिहिता लिहिता एक विचार आला. बारा इंच खरंच हवेत का? हात खांद्याच्या रेषेत येतात, फोटोत गाडी झकास दिसते, पण घोडबंदरला गायमुखच्या चढावर खड्डे चुकवताना वजन पुढच्या चाकावर येतच नाही, मी झोपाळ्यावर बसल्यासारखा मागे. आठ इंची हँडल घेतलं तर केबल पुन्हा लांबवायच्या नाहीत, उलट त्या निवांत होतील. म्हणजे नवी केबल आठवड्यात जास्त लांब झाली. होऊ दे. वळण मोठं घेऊन बसवता येईल, फक्त कुठे चिमटा बसायला नको.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ डोक्यावर आहेच. आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल त्यात बसत नाही. जुनं हँडल, आरसे, सगळं माळ्यावर जपून ठेवलंय. सायलेन्सर आणि चेसिसला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. रात्री अकराला फटफट करत जाणाऱ्यांमुळे आपल्या सगळ्यांकडे संशयाने बघतात.

चालीबद्दल एकूण: इंजिन पल्सर २२०च्या घरातलं, ऑइल कूलरवालं, त्यामुळे दम आहे, ६० ते ८०मध्ये गाडी कधीही मागे वळून बघत नाही. सीट ७१० मिलिमीटरवर, ट्रॅफिकमध्ये दोन्ही पाय सपाट टेकतात, ठाण्यात याची किंमत हॉर्सपॉवरपेक्षा जास्त. पण पाय पुढे असल्याने खड्ड्यात उभं राहून धक्का पायांवर घेता येत नाही, पेव्हर ब्लॉकचा प्रत्येक सांधा माकडहाडाला कळतो. फोम बदलून घेतल्यावर बायकोला उपवनपर्यंत नेलं. म्हणाली, “तुझी सीट छान झालीये. माझी कधी करणार?” मागच्या सीटचं माप घेतलंय.

एक गोड गोष्ट राहिली. टाकीवरच्या रेषा. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ ट्रकवर नक्षी काढणारा एक पेंटर भेटला. त्याने माझ्यासमोर एका फाळक्यावर करंगळी टेकवून दोन हात लांब रेघ मारली. टेप नाही, स्केल नाही, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच जाडी. किरमिजी टाकीवर सोनेरी दुहेरी रेघ ठरली आहे. टाकी सोडवून आणा म्हणालाय, पेट्रोल रिकामं करून. पुढचा रविवार त्याचा.

विंडशील्ड कुणाला हवी असेल तर क्लॅम्पसकट देतो. डाव्या कोपऱ्यात बोटभर चीर आहे, ती माझ्याच पान्याची.