‘इनकमिंग’ लिहिलं आणि अडकले

एका फायनान्स कंपनीतल्या इंटर्नशिपची ऑफर आली त्याच संध्याकाळी मी लिंक्डइनवर पोस्ट टाकली. ऑफर लेटर शेवटपर्यंत वाचायच्याही आधी. मुलाखतीच्या फेऱ्या, एक्सेलची चाचणी, व्हॅल्युएशनचे म्हणजे कंपनीची किंमत ठरवण्याचे प्रश्न हे सगळं कसं पार पडलं ते आता धड आठवतही नाही. आठवतात ते त्यानंतरचे 47 दिवस.

लेटरच्या दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ होती : ही ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन पूर्ण होण्याच्या अधीन आहे. फायनान्समध्ये ही पडताळणी जरा कडकच असते. शिक्षण, ओळख, गुन्ह्यांची नोंद, काही ठिकाणी तर कर्जफेडीचा इतिहासही बघतात. मी ती ओळ वाचली तोवर पोस्टवर तीनशेच्या वर लाईक पडले होते आणि माझ्या प्रोफाइलवर नावाखालच्या हेडलाईनमध्ये ‘इनकमिंग समर अ‍ॅनालिस्ट’ (म्हणजे लवकरच रुजू होणारी उन्हाळी इंटर्न) मिरवत होतं.

पडताळणीचं काम कंपनीने बाहेरच्या एजन्सीला दिलेलं. त्यांच्या पोर्टलवर प्रत्येक कागदापुढे एक ठिपका. ओळखपत्र हिरवं, पत्ता हिरवा, शिक्षण पिवळं. पिवळंच राहिलं. नवव्या दिवशी मेल आली की नावात तफावत आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी. अक्षरं तीच, क्रम वेगळा! प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. ठिपका पिवळाच.

मग कळलं की एजन्सीने कॉलेजच्या परीक्षा विभागाला मेल केलीय आणि तिकडून उत्तर नाही. मी स्वतः खिडकीवर गेले. आतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, ‘‘मेल आली असेल तर उत्तर जाईल.’’ मेल आलीय का बघता का, म्हटलं. ‘‘सर रजेवर आहेत.’’ सरांचा पासवर्ड सरांकडेच. असे तीन हेलपाटे. चौथ्यांदा सर भेटले, दोन मिनिटांत मेल सापडली. स्पॅममध्ये होती.

एवढ्यात एजन्सीची दुसरी शंका. ही मात्र पूर्णपणे माझीच करणी. हौसेने मी प्रोफाइलच्या अनुभवाच्या रकान्यातही कंपनीचं नाव टाकलं होतं आणि सुरुवातीचा महिना म्हणून चालू महिना दिला होता. त्यांचा सरळ प्रश्न : तुम्ही या कंपनीत आधीपासूनच काम करता असं प्रोफाइलवर दिसतं, मग फॉर्ममध्ये ते का नाही? काय उत्तर देणार? उतावीळपणा, असं लिहायला त्या फॉर्ममध्ये पर्याय नव्हता.

या काळात अभिनंदनाचा प्रत्येक मेसेज टोचायचा. ‘‘पार्टी कधी?’’ विचारणाऱ्या मैत्रिणीला मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही. ऑफर गेली तर पोस्ट काढायची कशी, कोणाकोणाला काय सांगायचं, रात्री हेच डोक्यात. ऑफर जाण्यापेक्षा पोस्ट काढण्याची भीती जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगते : पडताळणी संपल्याची लेखी मेल हातात येईपर्यंत काही टाकू नका. त्यानंतरही मोठी पोस्ट कशाला? हेडलाईनला 220 अक्षरं मिळतात, तेवढ्यात भागतं. आणि प्रोफाइलमध्ये नवी नोंद करताना, बदल नेटवर्कला कळवायचा का असं विचारणारं बटण असतं, ते आधी बंद करा. मला ते नंतर दिसलं. रुजू व्हायच्या आधी तारीख लिहायची झाली तर ती खरी लिहा, नाहीतर नोंदच करू नका.

अगदीच तोटा झाला असंही नाही. पोस्ट बघून त्याच कंपनीत आदल्या वर्षी इंटर्न असलेल्या एका ताईने आपणहून मेसेज केला, अर्धा तास फोनवर बोलली, पहिल्या आठवड्यात काय वाचून जायचं ते सांगितलं. पण तिला मी शोधून मेसेज केला असता तरी ती बोलली असती, असं तीच म्हणाली. टीमचं नाव लिहू नकोस, एचआरला आवडत नाही, हेही तिनेच सांगितलं. मी लिहिलं होतं. काढलं.

हो, आणि एक राहिलंच. पोस्टनंतर आठवड्याभरात कंपनीच्या नावाने एक मेल आली : लॅपटॉप पाठवायचा आहे, अनामत रक्कम भरा. लोगो हुबेहूब, फक्त पत्त्यात एक अक्षर जास्त. कुठली कंपनी, कधी रुजू होणार, हे सगळं मीच जगजाहीर केलेलं, तेव्हा त्या भामट्यांना शोधायची तसदीसुद्धा पडली नाही. इंटर्नकडून कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा आणि एचआरला तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा.

47व्या दिवशी ठिपका हिरवा झाला. मेल एका ओळीची. मी आधी अनुभवातली ती नोंद काढली आणि मग मैत्रिणीला पार्टीची तारीख कळवली.