तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिंगॉन भाषेत शेती आहे का?

क्लिंगॉन म्हणजे 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळकथांच्या मालिकेतले काल्पनिक लढवय्ये, आणि त्यांची भाषाही क्लिंगॉनच. ती शिकतोय म्हटलं की एक प्रश्न ठरलेलाच येतो. त्या लढवय्यांच्या भाषेत झाडाझुडपांचे, शेतीभातीचे शब्द असतील तरी कसे? तुम्हीही तेच विचारलंत. आहेत, आणि पहिल्या शब्दकोशापासून आहेत.

मार्क ओक्रांड या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 'स्टार ट्रेक'च्या चित्रपटांसाठी ही भाषा घडवली आणि १९८५ मध्ये तिचा कोश काढला. त्यात झाड म्हणजे षोर, धान्य म्हणजे तिर, कापणी करणं म्हणजे योब. शेती करणं हे क्रियापद विज. त्याला 'करणारा' या अर्थाचा विʼ लावला की विजविʼ, म्हणजे शेतकरी. यातला ष आपला पोटफोड्या ष आहे, पण तो खरोखर जीभ वळवून म्हणावा लागतो. वाक्यात कर्म आधी, कर्ता शेवटी: 'तिर योब विजविʼ', धान्य कापतो शेतकरी.

मला सगळ्यांत आवडतो तो लोषपेव. १९६७ साली दाखवलेल्या मूळ मालिकेच्या एका भागात याच धान्यावरून सगळं रामायण घडतं. एका ग्रहावर माणसांचा पक्ष आणि क्लिंगॉन अशा दोघांचाही दावा असतो, आणि करार असा की जो तो ग्रह अधिक चांगला वसवून दाखवेल, त्याचा तो. तिथे पृथ्वीवरचं एकच धान्य उगवू शकतं: गहू आणि राय यांच्या संकरातून आलेलं, चौपदरी दाण्याचं. त्या धान्याला कोशात लोषपेव हा शब्द आहे. लोष म्हणजे चार. (गहू-रायचा संकर खरोखरच आहे, ट्रिटिकेल, स्कॉटलंडमध्ये १८७५ मध्येच तो करून पाहिला गेला होता.) क्लिंगॉनांचा हस्तक ते धान्य विषारी करतो. म्हणजे ज्या भांडणाचा निकाल शेतीवर लागणार होता, ते या लोकांनी पुरेपूर गंभीरपणे घेतलं होतं. त्यांच्या भाषेत शेतकऱ्याला शब्द असणं मला म्हणूनच अगदी रास्त वाटतं.

बारकावे मात्र विरळ आहेत. फळ आणि भाजी दोन्हींना नाख़् हा एकच शब्द. रंगांत तर हिरवा, निळा, पिवळा मिळून एकच षुड. कोवळं भात षुड, पिकलेलं षुड, वरचं आभाळही षुड! पिवळं वेगळं सांगायचं तर 'षुड आणि उजळ' असं म्हणतात. मला ही अडचण वाटत नाही. उलट, शेताकडे नीट बघून बोलावं लागतं.

नवा शब्द आपल्या मनाने पाडायचा नाही, हा बोलणाऱ्यांचा जुना दंडक. वार्षिक मेळाव्यांत हव्या असलेल्या शब्दांची यादी ओक्रांडकडे जाते. तो माल्ट्झ नावाच्या क्लिंगॉन कैद्याला विचारून उत्तर आणतो, अशी सगळ्यांनी मानलेली गोष्ट आहे. हा माल्ट्झ १९८४ च्या चित्रपटातला. मला ही शिस्त पटते. प्रत्येकाने स्वतःचे शब्द काढले असते तर एकमेकांचं बोलणं कळलंच नसतं.

तोवर असलेल्या शब्दांची जुळणी करायची. चिष म्हणजे पांढरं असणं, आणि विशेषण नामामागून येतं. ज्वारीला मी 'तिर चिष' म्हणतो.