फायली सर्व्हरवर गेल्या, गड्डा मागे राहिला

आमची कंपनी पाण्याच्या टाक्या आणि पाइपलाइनची कामं घेते. ऑफिस सोलापुरात सात रस्त्याजवळ, साइट मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट अशा चहूकडे. प्लॅनिंग माझ्याकडे. गेल्या दिवाळीपर्यंत 14 कामांची वेळापत्रकं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत होती आणि फायली ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर. मी दुरुस्त करून मेल पाठवेपर्यंत साइटवर कुणीतरी जुन्याच फायलीत प्रगती भरलेली असायची. शेवटी मोठ्या साहेबांनी ठरवलं, सगळं प्रोजेक्ट सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना एकच फाइल दिसेल अशा सामाईक जागी घ्यायचं. दिवाळी झाल्यावर मी कामाला लागले.

पहिली फाइल मोहोळच्या टाकीची घेतली. फाइल चढली, पण काम संपायची तारीख चार दिवस अलीकडे आली. मी तर एकाही टास्कला हात लावला नव्हता. संध्याकाळपर्यंत टास्कमधले दुवे तपासत बसले, काही सापडेना. दुसऱ्या दिवशी आमचे सुपरवायझर आण्णा ऑफिसात आले होते, त्यांच्यापुढे प्रिंट ठेवली. त्यांनी बोट थेट जानेवारीवर ठेवलं. "मॅडम, 14 तारखेला स्लॅब धरलाय की ओ. गड्ड्यात माणसं कुठनं आणायची?"

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते. सिद्धेश्वरांच्या यात्रेला आम्ही गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज, 68 लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, संक्रांतीचा होमविधी. त्या दिवसांत आमचा सेंट्रिंगवाला, बार बेंडर, कुणीच साइटवर येत नाही आणि त्यांनी यावं अशी आमची अपेक्षाही नसते. म्हणून जुन्या फायलीत कुणीतरी चार दिवस सुट्टी टाकून ठेवली होती, तीही थेट 'स्टँडर्ड' नावाच्या कॅलेंडरातच. सर्व्हरचंही स्वतःचं 'स्टँडर्ड' असतं. नाव एकच, त्यामुळे चढवताना सर्व्हरचं राहिलं आणि आमचं गेलं. टास्क त्या चार दिवसांत सरकून बसले.

मग मी थांबले. बाकीच्या 13 फायली चढवण्याआधी प्रत्येकीचं कॅलेंडर उघडून कागदावर उतरवून घेतलं. तीन दिवस गेले, पण या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे दिवस तेच. कोणत्या साइटवर बाजाराचा दिवस सुट्टीचा, कुठे गावची जत्रा, हे सगळं त्या चौकटींत भरलेलं होतं आणि दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारी काँक्रीट ओतता येत नाही. म्हणून एका फायलीत सकाळी 6 ते 11 आणि संध्याकाळी 4 ते 7 अशी उन्हाळी वेळ होती. ॲडमिनकडून परवानगी घेऊन सर्व्हरवरच 'सोलापूर', 'सोलापूर उन्हाळी' आणि 'पंढरपूर' अशी वेगळी कॅलेंडरं केली आणि मगच पुढची फाइल उघडली.

उन्हाळ्याच्या कॅलेंडरात आणखी एक मेख निघाली. ते काँक्रीटच्या टास्कला लावलं, तर एका दिवसाचं काम दोन दिवसांचं झालं. माणसांचं कॅलेंडर 8 ते 12 आणि 1 ते 5. प्रोजेक्ट दोन्हींत सामाईक असलेलेच तास धरतो, म्हणजे सकाळचे 3 आणि संध्याकाळचा 1, एकूण 4. टास्कच्या माहितीत रिसोर्सचं, म्हणजे कामावरच्या माणसा-यंत्रांचं कॅलेंडर दुर्लक्षित करायची खूण असते, ती केल्यावर हिशेब जमला.

पंढरपूरची अडचण निराळीच. वारीत पाइपांचे ट्रेलर आत नेता येत नाहीत, म्हणून तिथल्या फायलीत आषाढीच्या आसपास सुट्टी होती, 'दरवर्षी याच तारखेला' अशी. 2025 ची आषाढी एकादशी 6 जुलैला होती. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, एकादशी 25 जुलैला. म्हणजे ऐन वारीत ट्रेलर आणि एरवी मोकळ्या रस्त्यावर सुट्टी. ती पुनरावृत्ती काढून 2026 ची तारीख हाताने टाकली, पुढेही दरवर्षी तशीच टाकायची.

माणसं आणि यंत्रं जुळवतानाही बराच वेळ गेला. एकच हायड्रा, म्हणजे पाइप उचलणारी क्रेन, चार फायलींत चार नावांनी होती: 'हायड्रा', 'हायड्रा क्रेन', 'क्रेन 1' आणि ड्रायव्हरच्या नावाने. चढवताना विचारलं जातं, हा रिसोर्स सर्व्हरच्या सामाईक यादीतल्या कुणाशी जोडायचा की फायलीपुरताच ठेवायचा. फायलीपुरता ठेवणं सोपं, एका क्लिकचं. पण मग दोन साइटची ओढाताण कधीच दिसत नाही. मी चारही नावं एकाच हायड्राशी जोडली आणि पत्रक उघडलं, तर ओळ लालभडक. फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात ती मंगळवेढ्यातही होती आणि अक्कलकोटलाही. इतकी वर्षं हे भांडण फोनवर व्हायचं, ते पहिल्यांदाच दोन महिने आधी पडद्यावर दिसलं. अक्कलकोटचं काम आम्ही आठवडाभर पुढे ढकललं.

बाकीचं पटकन सांगते. नुसतं सेव्ह केलं तर इतरांना जुनंच दिसतं, पब्लिश करावं लागतं. फाइल चेक-इन न करता, म्हणजे सर्व्हरला परत न सोडता लॅपटॉप बंद केला तर दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. फायलींमधले दुवे जुन्या फोल्डरकडेच बघत राहतात, ते सर्व्हरवर नव्याने जोडावे लागले. आणि चढवणारी मी, म्हणून साइटवरून आलेली सगळी प्रगती मंजुरीला माझ्याकडे येऊ लागली. प्रत्येक इंजिनिअरने आपापली फाइल उघडून टास्कचा स्टेटस मॅनेजर, म्हणजे प्रगती मंजूर करणारा, म्हणून स्वतःचं नाव निवडल्यावर ती त्यांच्याकडे वळली.

चौदावी फाइल डिसेंबरच्या शेवटी चढली. गड्ड्याचे चार दिवस मोकळे राहिले, मोहोळचा स्लॅब 19 जानेवारीला पडला. गेल्या आठवड्यात आण्णांचा फोन आला, "पुढल्या वर्षीची आषाढी टाकलाव का मॅडम?" टाकलेली नाही अजून. आपल्या सोलापूरचंच दाते पंचांग, त्याची नवीन प्रत आली की आधी तीच तारीख भरणार आहे.