सहावीसाठी महापालिकेची शाळा निवडताना

मुलगी पाचवीत गेली तेव्हाच पुढच्या वर्षी तिची शाळा बदलावी का, याचा विचार आम्ही दोघांनी सुरू केला होता. परळमधल्या आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी महापालिकेची इंग्रजी माध्यमाची शाळा पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती. खाजगी शाळेची फी दरवर्षी वाढत होती हे एक कारण होतेच, पण तेवढेच कारण नव्हते. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव हळूहळू बदलत गेले आणि आज आमच्या एकाच रस्त्यावर चाळ, पुनर्वसनाची इमारत आणि उंच टॉवर शेजारी शेजारी उभे आहेत. तरीही त्यांत राहणारी मुले एका वर्गात बसत नाहीत, फार तर गणपतीच्या मंडपात एकमेकांना दिसतात. आपल्या मुलीने आपल्याच वस्तीतल्या सगळ्या मुलांबरोबर शिकावे, असे आम्हाला मनापासून वाटत होते. मात्र तसे वाटणे वेगळे आणि सहावी ते आठवीची महत्त्वाची तीन वर्षे एखाद्या शाळेवर सोपवणे वेगळे.

घरात विरोध झाला. नणंद म्हणाली, "वहिनी, चांगल्या शाळेतून काढून पोरीचं वाटोळं करणार आहात का?" सासूबाई स्वतः महापालिकेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, त्यांचे म्हणणे निराळे होते. "आमच्या वेळी सगळ्यांचीच मुलं तिथे जायची, आता आपल्यातलं कोण जातं?" असे त्यांनी विचारले, आणि त्या 'आपल्यातलं' या शब्दाशी मी बराच काळ अडून राहिले. कारण शाळेविषयी जे काही कानावर येत होते, ते जवळजवळ सगळे तिथल्या मुलांविषयी होते: तोंडात शिव्या येतील, अभ्यासाची गोडी जाईल, पालक लक्ष देत नाहीत. हे सांगणाऱ्यांपैकी कोणीही त्या शाळेची पायरी चढलेले नव्हते. तेव्हा लोकांच्या मुलांची चौकशी बंद करून शाळेची चौकशी करायची, असे आम्ही ठरवले.

महापालिकेच्या आयसीएसई आणि सीबीएसई मंडळांच्या शाळाही आम्ही विचारात घेतल्या. माहीमच्या वुलन मिल शाळेत आणि जोगेश्वरीच्या पूनम नगरमध्ये 2020 मध्ये अशा शाळा सुरू झाल्यापासून त्यांच्या प्रवेशासाठी सोडत काढावी लागते, इतके अर्ज येतात. पण रोजचा प्रवास आणि सोडतीचा भरवसा नसणे, या दोन कारणांनी आम्ही तो विचार सोडून दिला.

घराजवळच्या शाळेत मुख्याध्यापिकांनी आम्हाला शांतपणे वेळ दिला. मी जाण्यापूर्वी शिक्षणहक्क कायदा वाचून काढला होता आणि त्यातले निकष प्रश्न विचारताना फार उपयोगी पडले. सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक असावा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, वर्षात किमान 220 दिवस शाळा भरावी, असे तो कायदा सांगतो. सहावीच्या वर्गाचा पट त्या मर्यादेच्या आसपास होता आणि तिन्ही विषयगटांना शिक्षक होते. मी पुढे विचारले की, निवडणुकीच्या कामासाठी यांतले किती शिक्षक गेल्या वर्षी वर्गाबाहेर होते? दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांना कायद्याने मुभा आहे, पण ती कामेही वर्गाचा वेळ खातातच. बाईंनी न टाळता सांगितले की, गणिताचे सर मतदार याद्यांच्या कामाला गेले होते आणि त्या काळात दोन वर्ग एकत्र बसवावे लागले. हे उत्तर चिंता वाढवणारे होते, तरीही माझा विश्वास त्याच उत्तरामुळे बसला.

आमचा निर्णय खऱ्या अर्थाने झाला तो सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिलेल्या एका तासामुळे. विज्ञानाचा प्रकल्प चालू होता. विज्ञानाच्या बाईंनी कपाटातून कार्डशीट, डिंक, जुनी मासिके आणि कात्र्या काढून पाच-पाच मुलांच्या गटांना वाटल्या. प्रकल्प घरी करून आणायचा नाही, विकतचे साहित्य आणायचे नाही आणि प्रिंटआउट चालणार नाही, असा त्यांचा नियम होता. घरी टेबल नसलेल्या मुलाचा आणि घरी प्रिंटर असलेल्या मुलीचा प्रकल्प एकाच कार्डशीटवर तयार होत होता, आणि डिंक कोणी जास्त लावला यावरून नेहमीसारखी भांडणेही होत होती. आमच्या आधीच्या खाजगी शाळेत शिक्षणहक्क कायद्याने दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांवर आलेली मुले वर्गात होती, पण सहलीचे आणि स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचे पैसे वेगळे भरावे लागत असल्याने त्या दिवशी त्यांतली काही जण शाळेतच येत नसत. निरनिराळ्या घरांतली मुले एका छताखाली आणणे कायद्याने जमते; त्यानंतर ती एकत्र राहतील अशी व्यवस्था मात्र एखाद्या शिक्षिकेला रोज नव्याने करावी लागते. महापालिका सगळ्या मुलांना गणवेश, दप्तर, बूट, वह्या अशा 27 वस्तू देते, त्याचीही या कामी मोठी मदत होते, असे बाई म्हणाल्या.

एक प्रश्न मात्र आम्हाला सुचलाच नसता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी त्याच शाळेत सातवीत होती. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "शिकवतात चांगलं, ताई. पण आठवीनंतर कुठं, ते आधी विचारा." त्या इमारतीत आठवीपर्यंतच वर्ग आहेत आणि नववीसाठी महापालिकेच्या माध्यमिक शाळा तुलनेने कमी असल्याने मुले पांगतात. मावशी पालकसभेला जाऊ शकत नव्हत्या, कारण सभा दुपारी असे आणि तेव्हा त्या दुसऱ्या घरी कामावर असत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा म्हणतो. पण सभा जर अशा वेळी भरत असेल, तर माझ्यासारखी सुट्टी टाकू शकणारी पालकच तिथे बोलणार, हे मला तेव्हा लख्ख दिसले.

प्रवेश अवघड गेला नाही. जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि निकालपत्रक दिले. आधीच्या शाळेने शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी बरेच दिवस टोलवाटोलवी केली, पण महापालिकेच्या शाळेने त्यासाठी प्रवेश अडवून धरला नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही कायद्यातच आहे.

आता पहिले सत्र संपले आहे. वर्गात इंग्रजी बोलणे पूर्वीपेक्षा कमी होते, म्हणून घरी रोज मोठ्याने वाचन घ्यावे लागते, आणि ज्यांना हे शक्य नाही त्यांच्या मुलांसाठी शाळेत तशी सोय असावी, असे मला ठामपणे वाटते. गणित उत्तम चालले आहे. मुलीला मैत्रिणी मिळाल्या आहेत. एकीचे वडील बेस्टमध्ये वाहक आहेत, दुसरीची आई फुलांच्या माळा करते. समितीची सभा आता शनिवारी संध्याकाळी घेतात आणि मावशी तिला येतात. याच इमारतीत नववीचा वर्ग सुरू करावा, अशी लेखी मागणी आम्ही पालकांनी शिक्षण विभागाकडे केली आहे. मावशींची मुलगी यंदा आठवीत असल्यामुळे तिच्यासाठी मात्र जूनपूर्वी जवळच्या अनुदानित शाळेत जागा शोधावी लागेल, आणि त्या चौकशीला आम्ही दोघी पुढच्या आठवड्यापासून जाणार आहोत.