दूध कमी नव्हतं, तोंडात नीट जात नव्हतं

माझी मुलगी अर्धा अर्धा तास अंगावर प्यायची आणि खाली ठेवली की पाच मिनिटांत पुन्हा टाहो. बाळंतपण नीट झालं, माहेरी खानापूर तालुक्यात आले, सगळं ठीक. चौथा दिवस मात्र अजून डोक्यातून जात नाही.

बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात दोन तास बाकावर बसवलं. टाके ओढत होते. नंबर आल्यावर बाळाचं वजन केलं. जन्मावेळी २ किलो ९००, आता २ किलो ७००. "दूध पुरत नाही," म्हणाले आणि डब्याचं दूध लिहून दिलं. मी बाळाला कशी घेते, ती गिळते का, शू किती वेळा करते, एक प्रश्न नाही. पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, एवढं कुणी बोललं असतं तर ती रात्र मी रडून काढली नसती. घरात सगळ्यांचं एकच, हिला दूधच नाही. आत्या मध चाटवायला निघाल्या, आईने अडवलं. वर्षाच्या आत मध देऊच नका.

सातव्या दिवशी आशाअक्का, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, आली. "आधी पाज, मी बघते," म्हणाली आणि शेजारी बसली. बाळाचा खालचा ओठ आत मुडपलेला, तोंडात नुसती बोंडी. अक्काने बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, "निधान, निधान" (कन्नडात 'हळू, हळू') म्हणत जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबवलं, मग भोवतालचा काळा भागही तोंडात जाईल असं लावलं. माझं दुखणं तिथेच थांबलं. गिळल्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने तिची आवळलेली मूठ सुटली, एकेक बोट उघडलं आणि ती आपणहून बाजूला झाली.

मी घड्याळ बघून बाजू बदलत होते, तेही चुकत होतं. एक बाजू पूर्ण पिऊ द्या, शेवटचं दूध जास्त साईचं असतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. रडेपर्यंत थांबू नका, हात तोंडाकडे न्यायला लागली की घ्या. पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा तरी लंगोट ओले झाले की पोटात जातंय असं समजा. शू कमी, बाळ मलूल, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

चौदाव्या दिवशी अक्काने झोळीच्या काट्यावर तोललं, २ किलो ९६०. आकडा मी आईला दोनदा वाचायला लावला.