चुळबुळी शीर
रविवार, रात्री. राजारामपुरी.

उद्याच्या तासाची तयारी बाजूला ठेवली आणि आत्याच्या आजारावरचा २०२२ सालचा एक शोधनिबंध वाचून काढला. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार पहिला; म्हणजे मज्जातंतूंवर गाठी आणणारा जनुकीय आजार. सतराव्या गुणसूत्रावरचं जनुक बिघडतं, न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन कमी पडतं, मग पेशींना वाढायला लावणाऱ्या ‘रॅस’ प्रथिनाचा लगाम सुटतो आणि मज्जातंतूभोवती वेष्टण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशी वाढत सुटतात. एवढं मी वर्गात सांगतेच. त्यात मज्जातंतू म्हणजे नुसता घरमालक, दंगा सगळा भाडेकरूंचा!

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींना उंदरांत दिसलं ते निराळंच. मालकच चेतलेला. चेतापेशीच्या पटलातले एचसीएन नावाचे आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांची ये-जा होणारी दारं, नीट काम करेनासे होतात, पेशी उगाचच विद्युत स्पंद सोडत राहते आणि कोलेजनचा एक घटक जास्त बाहेर टाकते. त्यावर गाठ पोसते. लॅमोट्रिजिन, म्हणजे फिटवरचं जुनंच औषध, दिल्यावर ही चुळबूळ थांबली आणि गाठींची वाढही रोखली गेली. ज्या एका जनुकीय बदलात माणसांना अशा गाठी येत नाहीत, तोच उंदरांत घातला तर चेतापेशी शांत! हे वाचून मी खुर्चीतून उठलेच.

संध्याकाळी आत्याकडे गेले. दंडावरची गाठ बोटानं दाबली की मऊसर आत जाते, सोडली की वर येते. ‘चरबीच्या हाईत’ म्हणून एकानं तिला कितीतरी वर्षं घरी पाठवलं होतं. ती म्हणते, “दुखत न्हाई गं, ब्लाऊज शिवताना तेवढी टेलरीण विचारती.” औषधाचं ऐकून लगेच, “मग आणूया की ती गोळी!” उंदरांवरचं आहे, त्या गोळीनं अंगावर जीवघेणं पुरळ येऊ शकतं, असं सांगितल्यावर गप्प बसली. २०२० साली अमेरिकेत मुलांसाठी मंजूर झालेलं सेलुमेटिनिब हे औषधही खोलवरच्या, पसरट गाठींसाठी. हिच्या कातडीवरच्या गाठींसाठी नव्हे.

आत्याच्या आईवडिलांना हे नव्हतं. निम्म्या रुग्णांत दोष नव्यानंच उपजतो. पुढच्या प्रत्येक मुलात तो उतरायची शक्यता मात्र निम्मी. तिच्या मुलाला, दादाला, आलाच, आणि त्याच्या छोटीच्या पोटावरही कॉफीच्या रंगाचे डाग आहेत. मला धास्ती तिच्या डोळ्यांची. याच आजारात लहानपणी दृष्टिचेतेवर, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर, गाठ येऊ शकते, आणि त्या निबंधात तिथंही चेतापेशींची हीच चुळबूळ दाखवलीय. वहिनीला म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे, दरवर्षी दाखवायला लागेल. ती म्हणाली, गणपती झाल्यावर बघू. मी म्हटलं, आधी.